ऑफिसचा डेटा, सर्व्हर आणि बॅकअप : ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धंदेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो आणि वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांची आणि कारखान्यांची कॉम्प्युटरची एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचं कंत्राट, बघतो. दहा ते पन्नास मशीन, एक सर्व्हर नाहीतर नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा), एक टॅली, असा माल. तेच तेच प्रश्न फोनवर येतात, आणि तेही लाइट गेली की नाहीतर शनिवारी दुपारी मी जेवायला बसलो की, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बँकांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या आयटीवाल्यांनी वाचायची गरज नाही, त्यांच्याकडे यासाठी पगारी माणसं आहेत.

आमच्याकडे रेड आहे, दोन डिस्कवर डेटा जातो, मग बॅकअप कशाला?

हा प्रश्न नंबर एक, आणि कायम राहणार. रेड ही कल्पना १९८८ मध्ये अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठातल्या लोकांनी मांडली. मोठी महाग डिस्क घेण्यापेक्षा छोट्या स्वस्त डिस्कांची टोळी करा आणि त्यातली एखादी मेली तरी काम चालू राहू द्या, एवढाच त्याचा मतलब. म्हणजे रेड तुम्हाला डिस्क मरण्यापासून वाचवतं. माणसापासून वाचवत नाही. ऑपरेटरने चुकून 'ड्रॉइंग जुनी' ऐवजी 'ड्रॉइंग' फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतो, मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिणारं रेड, त्याचं काम अगदी इमानदारीने करतो. व्हायरसने फाइली लॉक केल्या तरी तेच, चोराने अख्खा डबा उचलून नेला तरी तेच. रेड असू द्या, चांगलं आहे, पण त्याला बॅकअप म्हणू नका.

मग रेड ५ घेऊ की ६ की साधा मिरर?

छोट्या ऑफिसला दोन डिस्कचा मिरर बास होतो. चार किंवा जास्त मोठ्या डिस्का असतील तर रेड ६ घ्या, त्यात दोन डिस्का गेल्या तरी चालतं. रेड ५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते, ते मी मोठ्या डिस्कांवर लावत नाही, त्याचं कारण सांगतो. साध्या डिस्कच्या कागदावर लिहिलेलं असतं की साधारण १२.५ टीबी वाचताना एखादा तुकडा वाचता न येण्याची शक्यता धरा. आता चार ८ टीबीच्या डिस्कांच्या रेड ५ मधली एक मेली की नवी भरायला उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लागतात, म्हणजे २४ टीबी, आणि त्या वेळी मागे आधार कुणाचाच नसतो. प्रत्यक्षात डिस्का कागदापेक्षा बऱ्या वागतात हे खरं, पण चारही एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच खोक्यातून आणलेल्या असतात, एक थकली की बाकीच्यापण थकायला आलेल्या असतात आणि त्याच वेळी आपण त्यांना दोन दिवस पळवतो. आणि घेताना दुकानदाराला डिस्क सीएमआर (साधी) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला हळू) एवढं विचारा. एसएमआर नॅसमध्ये टाकली तर ती भरायला जो वेळ घेते त्यात तुमचा अर्धा आठवडा जातो.

३-२-१ म्हणतात ते काय?

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. नियम जुना आहे आणि अजून चालतो. पण मी त्यात एक प्रश्न वाढवलाय आणि तो प्रत्येक कॉपीसमोर उभं राहून विचारतो : ही कॉपी कोण उडवू शकतं? जर उत्तर 'रोज सकाळी लॉगिन करतो तोच माणूस त्याच पासवर्डने' असं असेल तर ती कॉपी मोजायची नाही. तीन मोजल्या आणि तिन्ही एकाच अ‍ॅडमिन पासवर्डने डिलीट होत असतील तर तुमच्याकडे एकच आहे असं समजा.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच बाजूचं उदाहरण घ्या. २७ जून २०१७, नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि न्हावा शेवाला मर्स्क या जहाजवाल्या ग्रुपच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर अडकले, बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. एवढी मोठी कंपनी, जगभर सर्व्हर. त्यांचे लॉगिन सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवायचे, एक गेला तर दुसरा आहेच असा हिशोब होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला तो फक्त घानातल्या ऑफिसातला एक, कारण तिथे त्या वेळी लाइट गेलेली आणि तो नेटवर्कवरच नव्हता. त्या एकावरून त्यांनी बाकीचं पुन्हा उभं केलं. तेव्हा एखादी कॉपी वायरीपासून लांब ठेवा, आणि ते लाइटच्या भरवशावर सोडू नका.

बाहेरची डिस्क कायम लावूनच ठेवतो, रात्री आपोआप कॉपी होते, मग ठीक ना?

अर्धं ठीक. आपोआप होतं हे चांगलं, पण लावलेली डिस्क म्हणजे सर्व्हरचाच एक भाग, व्हायरस सी ड्राइव्ह आणि एफ ड्राइव्ह असा भेदभाव करत नाही. दोन डिस्का घ्या आणि आलटून पालटून वापरा, एक लावलेली आणि एक बाहेर.

गोखले रोडजवळच्या एका सीए ऑफिसात एक अकाउंटंट मॅडम होत्या. त्यांनी दोन डिस्कांना नेलपॉलिशने ठिपके दिलेले, एक लाल एक गुलाबी. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली डिस्क काढायची, रुमालात गुंडाळायची आणि स्टीलच्या रिकाम्या डब्यात घालून कळव्याला घरी न्यायची, दुसरी लावायची. डब्यावर पांढरी पट्टी, त्यावर तारीख. मी त्यांना म्हटलं डिस्कचे पाऊच मिळतात मॅडम, तर म्हणाल्या पाऊच ट्रेनमध्ये कुणीही मारतो, पोळीभाजीचा डबा कोण मारणार. मला यावर उत्तर नव्हतं. फक्त डिस्कला पासवर्ड लावून दिला, म्हणजे बिटलॉकर चालू केलं, आणि त्याची रिकव्हरी की कागदावर छापून साहेबांच्या कपाटात ठेवली. ती की हरवली तर तुमचा डेटा तुम्हालाच मिळत नाही, कुणी कितीही ओळखीचा असला तरी काही करू शकत नाही, म्हणून ती त्याच मशीनवर वर्डच्या फाइलमध्ये ठेवू नका प्लीज. असं केलेलं मी बघितलंय.

आमचं सगळं गुगल ड्राइव्हवर / वनड्राइव्हवर आहे. तो बॅकअपच झाला की.

नाही, ते सिंक आहे. इथे जे होतं ते तिथे होतं, डिलीटपण. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते, मग जाते, आणि आपल्याकडे फाइल नाहीये हे कळतं मार्चमध्ये ऑडिटच्या वेळी, उडालेली असते दिवाळीत. जुनी व्हर्जन मिळतात ती सोय चांगली आहे, तिने मला दोनचारदा वाचवलंय. क्लाउड वापराच, पण बॅकअपसाठी वेगळं अकाउंट, वेगळा पासवर्ड, आणि जमलं तर अशी सेटिंग की ठरलेल्या दिवसांपर्यंत तुम्ही स्वतःसुद्धा डिलीट करू शकणार नाही. याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात, बऱ्याच क्लाउडवाल्यांकडे मिळतं. परत तोच प्रश्न, कोण उडवू शकतं.

टॅलीचा बॅकअप कसा घ्यायचा? आम्ही डेटाचा फोल्डर कॉपी करतो.

टॅली सगळ्यांची बंद असेल तर फोल्डर कॉपी चालतो. चालू असताना कॉपी केला तर अर्ध्या फाइली आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या येतात, आणि ते कळतं कधी तर उघडायला जाल तेव्हा. टॅलीच्या आतलाच बॅकअपचा पर्याय वापरा, आणि बॅकअप त्याच ड्राइव्हवर टाकू नका, डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नसते हो, बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हे फक्त शहाणपण नाही, नियम आहे. ऑगस्ट २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा आहे, आधी 'ठराविक काळाने' असं होतं ते बदललं. १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल पण लागतो, कोणी कधी काय बदललं ते. वह्या आठ वर्षं ठेवायच्या, आणि जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. म्हणजे जुनं मशीन भंगारात काढताना त्यातला २०१९ चा डेटा कुठाय हे आधी बघा. तो उघडणारं जुनं सॉफ्टवेअर आणि लायसन पण जपा, नुसती फाइल असून भागत नाही.

यूपीएस आहे, मग लाइटचं टेन्शन नाही ना?

यूपीएस आहे की यूपीएसचा डबा आहे? बॅटरी दोनतीन वर्षांत जाते, आणि ती गेल्याचं लाइट गेल्यावरच कळतं. एमआयडीसीत शुक्रवारी मेंटेनन्सला लाइट जाते हे आपल्याला माहीत असतं, त्या दिवशी घड्याळ लावून बघा किती मिनिटं टिकतो. वीस म्हणाला होता आणि चार मिनिटांत आडवा झाला तर बॅटरी बदला. दुसरं म्हणजे यूपीएसमधून निघणारी यूएसबीची वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतः व्यवस्थित बंद होतो. ही वायर दहातल्या नऊ ठिकाणी खोक्यातच पडलेली असते.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतंय का, सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड पडली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम अंधार. लॉकडाऊनचे दिवस, अर्धे लोक घरून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करत होते. त्या दिवसानंतरचे दोन आठवडे मी फक्त न उघडणाऱ्या डेटाबेसच्या मागे होतो. खरं तर डिस्का फारशा मेल्या नव्हत्या, लिहिता लिहिता करंट गेल्यामुळे फाइली अर्धवट राहिलेल्या.

सर्व्हर कुठे ठेवायचा?

जमिनीवर नाही, पँट्रीत नाही, एसीच्या खाली नाही आणि देवाऱ्याखाली नाही. यातल्या चारही ठिकाणी मी सर्व्हर बघितलेत. रबाळ्याला एका फॅब्रिकेशनवाल्यांनी नॅस देवघराच्या फळीखाली ठेवलेला, श्रद्धा म्हणून, आणि उघडला तर पंख्यावर अगरबत्तीच्या राखेचा आणि लोखंडाच्या बारीक कीसाचा असा थर, बोटाने ओढला तर दोरीसारखा निघाला. डिस्क ५८ डिग्रीवर चाललेली, बहुतेक डिस्कांची मर्यादाच ६० असते. साफ करून वरच्या केबिनमध्ये हलवला तर ३९ वर आला. शेठ म्हणाले देवाचा फोटो तिकडे पण लावू का, म्हटलं लावा, अगरबत्ती बाहेर.

पाण्याचं वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ज्यांनी तळमजल्यावर सर्व्हर ठेवलेले त्यांना तो आकडा पाठ आहे. पण मी जास्त नुकसान बघितलंय ते एसीच्या ड्रेन पाइपचं, एप्रिल-मेमध्ये तुंबतो आणि थेंब थेंब रॅकवर. आणि नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर आहेत, ऐरोली, महापे, थेट पनवेलपर्यंत, तर लोक विचारतात की दुसरी कॉपी तिथे ठेवू का. ठेवा, तुमच्या पँट्रीपेक्षा शंभरपट बरं. पण ऑफिस महाप्याला आणि कॉपीपण महाप्याला असेल तर ती ऑफिसच्या बाहेर आहे, संकटाच्या बाहेर नाही. एक पुण्याला किंवा हैदराबादला असलेली बरी.

घरून फाइली बघायच्यात, राउटरवर पोर्ट उघडून द्या ना, पाच मिनिटांचं काम आहे.

पाच मिनिटांचंच आहे आणि मी करत नाही. पोर्ट उघडणं म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात यायचं दार उघडं ठेवणं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस शोधून शोधून लॉक केले, २०१४ ला सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर सिनोलॉकर नावाचा तसाच आलेला. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप म्हणजे ३३८९ नंबरचा पोर्ट उघडा ठेवला तर दिवसरात्र कुणीतरी पासवर्ड मारून बघत असतं, लॉग उघडून दाखवतो तेव्हा लोकांना खरं वाटतं. व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट, लावा, त्यावर ओटीपीवालं दुसरं लॉगिन लावा, नॅसचं 'अ‍ॅडमिन' नावाचं मूळ अकाउंट बंद करा, अपडेट टाका. आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, सर्व्हरला जोडलेलं एखादं जुनं बिलिंगचं मशीन असेल तर चोर तिथूनच येतो.

फाइलींची नावं बदललीत, उघडत नाहीत, पैसे मागणारी चिठ्ठी आलीये. आता?

आधी नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, सगळ्या मशीनची. डोळ्यांदेखत फाइली लॉक होत असतील तर ते मशीन सरळ बंद करा. मग हात खाली. फॉरमॅट मारू नका, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाबरून बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावू नका, लोक हेच करतात, 'आहे का बघू' म्हणून लावतात आणि शेवटची चांगली कॉपी पण जाते. चिठ्ठीचा फोटो काढा. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवसांचे ठेवायचे असतात, कंपन्यांनाही ते लागू आहे. नो मोअर रॅन्सम म्हणून युरोपच्या पोलिसांनी मिळून चालवलेली साइट आहे, काही जुन्या प्रकारांची किल्ली तिथे फुकट मिळते, बघायला हरकत नाही, आशा कमी ठेवा. पैसे भरू का? मी नाही म्हणतो. भरून किल्ली मिळेलच असं नाही, आणि हा भरतो हे एकदा कळलं की तुमचं नाव त्यांच्या यादीत राहतं.

बॅकअप रोज 'सक्सेसफुल' दाखवतो, मग टेस्ट कशाला?

सक्सेसफुल म्हणजे प्रोग्राम चालला, एवढंच. आत काय गेलं ते त्याला विचारू नका. गिटलॅब, जे सॉफ्टवेअरवाल्यांचंच काम करतात, त्यांच्या माणसाने ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेस उडवला, आणि मग कळलं की लावून ठेवलेल्या पाच प्रकारांपैकी एकही धड चालत नव्हता. त्यांनी ते स्वतःच जाहीर लिहिलं, मोठेपणा आहे. त्यांचं असं होतं तर आपलं काय.

महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल परत आणून उघडा, आणि वर्षातून एकदा अख्खं रिकाम्या मशीनवर उतरवून टॅली चालू करून बघा. तेव्हा वेळेचाही अंदाज येतो. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी खाली यायला हिशोबाने बावीस तास लागतात, प्रत्यक्षात जास्त, म्हणजे ४ टीबी क्लाउडवर असेल तर चारपाच दिवस कारखाना हातावर हात ठेवून. म्हणून जवळ एक कॉपी आणि लांब एक.

डिस्क किती वर्षांनी बदलायची?

मी पाच वर्षं झाली की विश्वास ठेवत नाही. त्याआधी स्मार्टच्या रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ती) रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयित तुकड्यांचे, आकडे बघा, शून्य असेल तर छान, वाढत चालला तर डिस्क बदला, वॉरंटी शिल्लक असली तरी. आणि एसएसडी बॅकअप घेऊन कपाटात वर्षानुवर्षं टाकू नका, तिला करंट मिळाला नाही तर आतला डेटा हळूहळू उतरतो, घरगुती एसएसडीचं मानक ३० डिग्रीला एक वर्षाचंच आहे, आणि ठाण्यातलं बंद कपाट मे महिन्यात ३० वर थांबत नाही.

जुन्या डिस्का भंगारवाल्याला देऊ?

फॉरमॅट मारलेली डिस्क म्हणजे अनुक्रमणिका फाडलेलं पुस्तक, पानं तशीच असतात. पूर्ण पुसणाऱ्या प्रोग्रामने पुसा, चालतच नसेल तर ड्रिलने तीनचार भोकं पाडा, तुमच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल आहेच. मग अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला द्या. त्यात ग्राहकांचे आधार, पगाराचे शीट, सगळं असतं, आणि डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आलाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले, मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटीपर्यंत जाऊ शकतो. तुमच्यावर तेवढा पडणार नाही हो, पण विषय सीएंना विचारून ठेवा.

बॅकअप बघायचं काम कुणाकडे द्यावं?

एका माणसाकडे, नावानिशी, आणि तो नसेल तेव्हा दुसऱ्याकडे, तेही नावानिशी. 'आयटीवाला बघतो' असं असेल तर कोणीच बघत नाही, मी महिन्यातून एकदा येतो.

वर सांगितलेल्या मॅडम मार्चअखेर रिटायर झाल्या. सेंडऑफ झाला, पेढे मलाही मिळाले. जूनमध्ये मी गेलो तर लाल आणि गुलाबी दोन्ही डिस्का त्याच टेबलाच्या खणात, शेजारी रिकामा डबा, पट्टीवर त्यांच्या अक्षरात मार्चमधल्या शेवटच्या शुक्रवारची तारीख. साहेबांना दाखवला, तर ते म्हणाले अरे ते मॅडमच करायच्या. आता डबा रिसेप्शनच्या मुलीकडे आहे, ती दिव्याला राहते, आणि शुक्रवारी रजा असेल तर गुरुवारीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते की दादा आज नेते.